चिखलातील चाचपणी

माघाच्या आरंभी उजनी जलाशयाचे पाणी काठ सोडून मागे हटू लागले म्हणजे भिगवणजवळच्या कुंभारगावाच्या बाजूस गुडघाभर पाण्याचे व मऊ गाळाचे जे विस्तीर्ण पट्टे तयार होतात, तेथे चमचा पक्ष्यांचे कामकाज सावकाश न्याहाळण्याचा योग मला लाभला. होडीवाल्याने बांबू रोवून होडी थांबविली आणि म्हणाला, "बघा साहेब, सकाळधरनं हजेरीवर आहेत." मी मोजले, अकरा होते.

चोच काळी, लांब, चपटी, टोकाशी पळीसारखी रुंदावलेली व तेथे पिवळसर. परंतु नावाने माझी बराच वेळ दिशाभूल केली. पळीने पाणी उचलावे तसे हा पक्षी काहीच उचलीत नाही. चोच किंचित उघडी ठेवून ती पाण्यात बुडवावयाची, गवत कापणाऱ्याच्या विळ्याप्रमाणे डावीकडून उजवीकडे अर्धवर्तुळात फिरवावयाची, एक पाऊल पुढे टाकावयाचे आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे, असा हा अखंड क्रम चालू असतो. बगळा निश्चल उभा राहून डोळ्यांवर भिस्त ठेवतो; चमच्याला गढूळ पाणीही चालते, रात्रही चालते, कारण त्याचा सारा व्यवहार स्पर्शावर आहे. त्या रुंद टोकाच्या आतल्या बाजूस अतिशय संवेदनक्षम मज्जातंतू असून मासळी, झिंगा वा पाणकिडा त्यास नुसता लागताच चोच तत्क्षणी मिटते. मग डोके मागे झटकून घास घशात. तेव्हा ही चोच पळी नव्हेच, अंधाऱ्या कोठारात चाचपडणारा हात आहे. हे हत्यार जन्मतः तयार नसते, हेही नवलच: पिल्लाची चोच आखूड व साधी असते, तिला रुंदी मागाहून येते.

दुपारी मात्र हीच मंडळी एका पायावर, चोच पिसांत खुपसून, एखाद्या तालुका कचेरीतील कारकुनांसही हेवा वाटावा अशा निश्चिंतीने झोपतात.

त्या सकाळी एका चमच्याच्या मागोमाग एक लहान बगळा चालला होता. चमच्याच्या फेऱ्यांनी भेदरलेला एखादा मासा उसळे आणि बगळा तो अलगद टिपी. चमच्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही. त्याची चोच गढूळ पाण्यात डावीकडून उजवीकडे फिरतच होती.