वाम कोणती आणि साप कोणता?
किनाऱ्यावर गरवणाऱ्या आणि मासळी विकणाऱ्या बांधवांसाठी

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका बंद असतात. त्या दिवसांत रत्नागिरीपासून श्रीवर्धनपर्यंत खाडीच्या तोंडावर, जेटीवर आणि खडकांवर गरी टाकणारे आपले अनेक भाई दिसतात. रात्री गरीला लांबट, चिकट, वळवळणारे काही लागते आणि सकाळी बाजारात सगळ्याला एकच नाव मिळते, 'वाम'. इथेच धंद्याचे नुकसान सुरू होते.

आमच्या पाहण्यातली गोष्ट. एका विक्रेत्याने हॉटेलला वामेची टोपली दिली. आत दोन मासे खडकातले, ठिपक्यांचे निघाले. हॉटेलवाल्याने सगळी टोपली परत केली आणि पुढे महिनाभर त्या भाईंकडे माल मागितला नाही. फसवण्याचा इरादा नव्हता, ओळख नव्हती एवढेच. म्हणून काही खुणा देत आहोत.

खरी वाम : तोंड लांब व टोकदार, जबड्यात सुळ्यांसारखे दात. कल्ल्यामागे दोन्ही बाजूंना पर असतात आणि पाठीवरचा पर जवळजवळ तिथूनच सुरू होऊन शेपटीपर्यंत अखंड जातो. अंगावर खवले नसतात. पिवळसर झाक असलेली एक जात आणि रुपेरी-राखाडी दुसरी, दोन्ही बाजारात चालतात. हिच्या पोटातली हवेची पिशवी, म्हणजे बोत, फेकू नये. वाळवलेल्या बोताला चिनी गिऱ्हाइकांत मागणी असते.

खडकातली वाम : कल्ल्यामागे परच नाहीत, ही पक्की खूण. कल्ल्याच्या जागी लहानसे गोल भोक, कातडी जाड, अंगावर बहुधा ठिपके किंवा जाळी. हिच्या घशात दुसरा जबडा असतो आणि तो पुढे येऊन भक्ष्य ओढतो, हे शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवले. तोंडातून गरी हाताने काढू नये, दोर कापावा. प्रवाळाच्या भागातल्या मोठ्या माशात कधी असे विष साठते की ते शिजवूनही जात नाही.

वाळूतली वाम : शेपटीचे टोक कडक, अणकुचीदार आणि पराविना. त्या टोकाने ती उलटी वाळूत शिरते.

अहीर : नदीत वाढते, अंडी घालायला समुद्रात जाते, म्हणून खाडीत सापडते. खालचा जबडा किंचित पुढे, आणि पाठीवरचा पर कल्ल्यापासून बराच मागे सुरू होतो. घाटावर नदीतल्या ज्या माशाला वाम म्हणतात तो वेगळाच. त्याच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते. घाटावरच्या गिऱ्हाइकाशी सौदा करताना हे आधी स्पष्ट करावे.

समुद्री साप : अंगावर खवले, शेपूट वल्ह्यासारखे चपटे, कल्ल्याचे भोक नाही, पर नाहीत. हा विषारी आहे आणि त्याला कायद्याचे संरक्षणही आहे. अंधारात आधी बॅटरी मारून शेपूट पाहावे, मगच हात लावावा. चावल्यास अवयव हलवू नये, जखम कापू नये, घट्ट बांधू नये, ताबडतोब इस्पितळ गाठावे. आपल्याकडची नेहमीची सर्पविषाची लस या विषासाठी बनवलेली नाही, म्हणून कशाने चावले ते डॉक्टरांना सांगणे जरुरीचे आहे.

साफ करताना एक सावधगिरी. वामेचे कच्चे रक्त डोळ्यांत किंवा जखमेत जाऊ देऊ नये, त्याने आग होते. नीट शिजवल्यावर तो दोष राहत नाही.

काही गिऱ्हाईक 'हा साप तर नाही ना?' म्हणून मागे सरतात. त्यांना कल्ले आणि पर दाखवावेत. फारसीत 'मार' म्हणजे साप आणि 'माही' म्हणजे मासा. या 'मारमाही'चा उल्लेख फिकहच्या 'हिदाया' ग्रंथात खाण्यास हरकत नसलेल्या माशांतच आहे.

मालातला ऐब सांगून विकावा, हा आपल्या तिजारतीचा जुना दंडक आहे. पण ऐब सांगायचा तर आधी माल ओळखता यायला हवा. टोपली भरताना प्रत्येक जात वेगळी ठेवा, भावही वेगळा सांगा. गिऱ्हाईक पुन्हा आपल्याच पाटीकडे येईल.