जिवंत यंत्रांचे शास्त्र

डहाणू तालुक्यातील वाणगावचा परिसर मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात भर दुपारी पाण्यावाचून राहिलेली रोपे माना टाकतात आणि पाणी मिळताच काही वेळाने पुन्हा ताठ उभी राहतात. शेतकऱ्याच्या हे नित्य परिचयाचे. परंतु याच स्थानकावरून गाडी पकडून अभियांत्रिकी महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याला, ते कोवळे रोप कशाच्या बळावर उभे राहते, असे विचारले तर तो बहुधा निरुत्तर होईल. त्याने तुळई शिकलेली असते, खांब शिकलेला असतो, बाष्पकातील दाबाचे गणितही सोडविलेले असते. मिरचीचे पान हे असंख्य सूक्ष्म दाबपात्रांचेच बांधकाम होय आणि त्या पेशींतील दाब मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाहूनही अधिक असू शकतो, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

बांधावरच्या ताडाचे कोडे याहून गहन आहे. विहिरीच्या काठावर बसविलेला पंप सुमारे १० मीटरपेक्षा खोल पाणी ओढू शकत नाही, कारण हवेचा दाबच तेवढा. मग त्याच्या दुप्पट उंचीच्या शेंड्याला पाणी पोहोचते कसे? पानांतून बाष्प उडून जाते, त्याबरोबर नलिकांतील पाण्याचा अखंड स्तंभ वर ओढला जातो आणि पाण्याचे कण परस्परांना सोडत नाहीत, अशी उपपत्ती डिक्सन व जॉली यांनी १८९४ मध्ये मांडली. दोराप्रमाणे पाण्यालाही ताण सोसतो, ही गोष्ट यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यास चक्रावून टाकणारी आहे.

अशी कोडी त्याच्यापुढे येत नाहीत, याचे मूळ अकरावीच्या प्रवेशात आहे. गणित घेणारा जीवशास्त्र सोडतो, जीवशास्त्र घेणारा गणिताला रामराम ठोकतो आणि पुढे दोघांची गाठ पडत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात अभियंत्यांसाठी जीवशास्त्राला स्थान मिळाले, हे स्वागतार्हच. मात्र तो विषय पेशीच्या भागांची नावे पाठ करण्यापासून सुरू झाला, तर विद्यार्थी त्याच्याकडे केवळ गुणांपुरते पाहील. आरंभ त्याला ठाऊक असलेल्या बलांपासून व्हावयास हवा.

तसा पूर्वी झालाही आहे. झुरिचचे अभियंते कार्ल कुलमन यांनी १८६६ च्या सुमारास मांडीच्या हाडाचा उभा छेद पाहिला, तेव्हा आतील जाळीच्या रेषा त्यांना यारीतील प्रतिबलांच्या रेषांसारख्या भासल्या. पुढे १८९२ मध्ये जूलियस वोल्फ यांनी हाड आपल्यावरील भारानुसार आपली घडण बदलते, असा सिद्धांत मांडला. पोलादी तुळई असे करीत नाही. अंतराळवीरांच्या भार वाहणाऱ्या हाडांतील खनिजे महिन्याला सुमारे १ टक्का घटतात, ती याच कारणाने. मोडलेल्या हाडाला फार ताठ पट्टी बसविली तर भार पट्टीच वाहते आणि खालचे हाड हळूहळू क्षीण होते. केवळ मजबुतीचा हिशेब शिकलेला अभियंता ही पट्टी आणखी जाड करील! विमानांच्या रचनेतून या क्षेत्रात आलेले युआन-चेंग फुंग यांनी जिवंत ऊतींच्या गुणधर्मांवरील आपला ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. आज हा विषय आपल्याकडे पवईच्या आयआयटीसारख्या संस्थांत शिकविला जातो, पण लहान गावांजवळच्या महाविद्यालयांतील मुलांना तो क्वचितच भेटतो.

वास्तविक त्याची गरज या मुलांच्याच घरांना अधिक आहे. पाय गमावलेल्या माणसाला भाताच्या चिखलात उतरावे लागते, उकिडवे बसावे लागते, मांडी घालून जेवावे लागते, अनवाणी चालावे लागते. पाश्चात्त्य धाटणीचा कृत्रिम पाय बुटात घालून सपाट जमिनीवर चालण्यासाठी केलेला होता. त्याचा घोटा तसा वळत नसे. १९६८ च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या सहकार्याने रबराचा जो पाय तयार झाला, त्याने ही अडचण दूर केली. तो घडविणारे रामचंद्र शर्मा अभियंते नव्हते, कारागीर होते.