परदेशी जन्मलेल्या अपत्याची जन्मनोंद आणि नागरिकत्व

आईबाप भारतीय असले म्हणजे परदेशात जन्मलेले मूलही आपोआप भारतीय ठरते, असा समज सर्वत्र आढळतो. ३ डिसेंबर २००४ पासून तो खरा राहिलेला नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ४ अन्वये, त्या दिवशी वा त्यानंतर परदेशी जन्मलेल्या बालकाची नोंद जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वाणिज्य दूतावासात व्हावी लागते. मुदत टळल्यास केंद्र सरकारची अनुज्ञा लागते. बालकाजवळ अन्य देशाचा पासपोर्ट नाही, असे मातापित्यांनी लिहून द्यावयाचे असते. दोघांपैकी एक भारतीय नागरिक असला तरी पुरते. मात्र १० डिसेंबर १९९२ पूर्वीच्या जन्मांबाबत केवळ पित्याचेच नागरिकत्व पाहिले जाई. आईची गणना होण्यास प्रजासत्ताकाची बेचाळीस वर्षे जावी लागली, हे आज विचित्र वाटते.

आखाती देशांत नोकरीस गेलेल्या कुटुंबांना या नोंदीचे महत्त्व अधिक. तेथे केवळ जन्मामुळे नागरिकत्व मिळत नाही. दूतावासातील नोंद राहिली, तर मूल दोन्हीकडून वंचित होण्याची भीती असते. अमेरिकेत याच्या उलट स्थिती आहे. तेथे जन्मानेच नागरिकत्व मिळते. पण त्या देशाचा पासपोर्ट काढल्यावर वरील प्रतिज्ञापन करता येत नाही.

आता कुटुंब बऱ्हाणपुरास परतले आणि दूतावासातील नोंद झालेलीच नसली, तर काय करावे? जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम २० मध्ये यासाठी सोय आहे. मातापिता भारतात स्थायिक होण्याच्या हेतूने परतले असतील, तर मूल भारतात पोहोचल्यापासून साठ दिवसांच्या आत, ते जणू येथेच जन्मले असे मानून, स्थानिक निबंधकाकडे जन्म नोंदविता येतो. त्यानंतर विलंबित नोंदणीचे नियम लागू होतात. वर्षाहून अधिक उशिराच्या नोंदीसाठी पूर्वी प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांना मिळाला. बऱ्हाणपूर २००३ साली स्वतंत्र जिल्हा झाल्यामुळे त्यासाठी खंडव्याची वाट धरावी लागत नाही.

येथेच मोठी गफलत होते. जन्मदाखला हाती आला म्हणजे नागरिकत्वही मिळाले, असे नव्हे. हे दोन निरनिराळे कायदे आहेत. दाखला जन्माची तारीख व स्थान सिद्ध करतो. नागरिकत्वाचा प्रश्न १९५५ च्या अधिनियमानेच सुटतो. शाळेत प्रवेश देताना मुख्याध्यापकांनी पालकांस एवढे सांगितले, तरी पुढील पुष्कळ त्रास वाचेल.

नावांकडेही लक्ष द्यावे. मधले नाव वडिलांचे लावण्याची आपली रीत परदेशी रुग्णालयातील लेखनिकास ठाऊक नसते आणि आईच्या पासपोर्टावर पुष्कळदा माहेरचे नाव असते. तेथील दाखला हाती पडताच तो दोघांच्या पासपोर्टांशी अक्षरशः ताडून पाहावा व चूक त्याच देशात दुरुस्त करून घ्यावी. परत आल्यावर ते काम फार जिकिरीचे होते.

दूतावासात नोंद झालेल्या बालकास जन्मामुळे दुसऱ्या देशाचेही नागरिकत्व असेल, तर ते सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याला सोडावे लागते. तसे न केल्यास त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते.