लातूर पॅटर्न आणि अग्रक्रमाचे भान

प्रस्तावना

‘अवधान’ आणि ‘व्यवधान’ हे मराठीतील दोन शब्द कानाला जवळजवळ सारखे वाटतात; अर्थाने मात्र ते परस्परांच्या विरोधात उभे आहेत. अवधान म्हणजे चित्त एका विषयावर स्थिर करणे, तर व्यवधान म्हणजे त्यात पडणारा खंड. तथापि ‘त्यांच्यामागे फार व्यवधाने आहेत’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या व्यक्तीच्या अंगावरील जबाबदाऱ्याच अभिप्रेत असतात. याचा अर्थ असा की, कामात खंड पाडणारी प्रत्येक गोष्ट क्षुल्लक असतेच असे नाही. पुष्कळदा ते दुसरे कर्तव्यच असते. अग्रक्रमाचा प्रश्न अवघड होतो तो येथेच.

मराठवाड्यात हा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने अनुभवतो तो अकरावी-बारावीचा विद्यार्थी. खेड्यातून लातूर किंवा नांदेड येथे येऊन, वसतिगृहात अथवा भाड्याच्या खोलीत राहून, मेसच्या डब्यावर दोन वर्षे काढणाऱ्या या मुलामुलींच्या शिक्षणासाठी अनेक कुटुंबांनी आपली मिळकत पणाला लावलेली असते. प्रस्तुत लेखात ‘लातूर पॅटर्न’च्या आधारे अवधान कसे टिकते, ते कोणी टिकवायचे आणि कशासाठी, याचा विचार केला आहे.

अवधानाचे स्वरूप

मन एकाच वेळी अनेक कामे करू शकते, हा समज मानसशास्त्रीय संशोधनाने बराचसा दूर केला आहे. विचार करावा लागणाऱ्या दोन कामांच्या बाबतीत मन प्रत्यक्षात एका कामावरून दुसऱ्यावर उडी घेत असते आणि प्रत्येक उडीची किंमत मोजावी लागते. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवून दिले की, पहिले काम अपुरे ठेवून दुसरे हाती घेतल्यास अवधानाचा काही अंश पहिल्या कामातच अडकून राहतो व दुसऱ्या कामाचा दर्जा घसरतो. गणित सोडवताना मध्येच मोबाईलवरील निरोप वाचणाऱ्या विद्यार्थ्याचे केवळ ते अर्धे मिनिटच जात नाही. गणिताकडे परतल्यावरही त्याचे मन काही काळ त्या निरोपापाशीच रेंगाळते.

या परिस्थितीत केवळ निग्रह फारसा उपयोगी पडत नाही. पीटर गॉलवित्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेले सूत्र येथे महत्त्वाचे ठरते. ‘मी अभ्यास करीन’ या मोघम संकल्पापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक प्रकरण वाचीन’ असा नेमका संकल्प तडीस जाण्याची शक्यता अधिक असते. वेळ व जागा आधीच ठरलेली असली, म्हणजे ऐन क्षणी मनाशी वाद घालावा लागत नाही.

लातूर पॅटर्न : व्यवस्थेने दिलेली एकाग्रता

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत लातूरच्या महाविद्यालयांतून जी अध्यापनपद्धती आकारास आली, तिच्या मुळाशी हेच तत्त्व दिसून येते. १९७० मध्ये स्थापन झालेले राजर्षी शाहू महाविद्यालय आणि त्याचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांचे नाव या पद्धतीशी प्रामुख्याने जोडले जाते. अभ्यासक्रम वेळेपूर्वी पूर्ण करणे, त्याची पुनःपुन्हा उजळणी घेणे, प्रत्यक्ष परीक्षेच्या धर्तीवर वारंवार सराव चाचण्या घेणे आणि झालेल्या चुकांची विद्यार्थ्यांशी चर्चा करणे, ही तिची ठळक वैशिष्ट्ये होत. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरचे विद्यार्थी सातत्याने झळकू लागल्यावर तिला ‘पॅटर्न’ हे नाव मिळाले.

पुढील काळातील संशोधनाने तिच्या एका अंगाला पुष्टी दिली आहे. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात, उतारा पुनःपुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे होते. परंतु आठवड्यानंतर घेतलेल्या परीक्षेत, वाचनानंतर न पाहता आठवून लिहिणारे विद्यार्थी त्यांच्या पुढे गेले. सराव चाचणी ही केवळ मोजपट्टी नसून ती स्वतःच अभ्यासाची एक रीत आहे, हे यावरून स्पष्ट होते.

तथापि या पद्धतीचे खरे बळ चाचण्यांच्या संख्येपेक्षा तिच्या वेळापत्रकात आहे. पहाटे उठल्यावर काय करायचे, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे उभाच राहत नाही. त्याचे उत्तर दुसऱ्या कोणीतरी आधीच दिलेले असते.

उसन्या अवधानाची मर्यादा

नेमकी येथेच या व्यवस्थेची मर्यादाही दडलेली आहे. अग्रक्रम ठरविण्याचे काम दोन वर्षे महाविद्यालयाने, शिकवणीने किंवा पालकांनी केले, तर विद्यार्थ्याला एकाग्रतेची सवय लागते. निवड करण्याची सवय मात्र लागत नाही. बारावीनंतर अभियांत्रिकी वा वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यावर पहाटे कोणी उठवत नाही, दर आठवड्याला चाचणी होत नाही आणि मोबाईल कोणी काढून घेत नाही. अशा वेळी उसने अवधान संपते. शिवाय लक्ष्य दुसऱ्याने ठरविलेले असेल, तर अपयश आल्यावर ‘आपल्याला मुळात हेच हवे होते का’ हा प्रश्न प्रथमच आणि फार उशिरा समोर येतो. २०२५ च्या ‘नीट’ परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे होते. मिनिटाला एक प्रश्न सोडविण्याचा वेग सरावाने येतो, या प्रश्नाचे उत्तर सरावाने येत नाही.

अग्रक्रम आणि त्याग

स्वतः ठरविलेल्या अग्रक्रमाचे उदाहरण याच प्रदेशाने पाहिले आहे. नांदेडचे विद्यापीठ ज्यांच्या नावाने १९९४ मध्ये स्थापन झाले, ते स्वामी रामानंद तीर्थ मूळचे शिक्षक. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आणि त्यानंतर अंबाजोगाईत त्यांनी निष्ठेने अध्यापन केले. १९३८ मध्ये हैदराबाद संस्थानात सत्याग्रहाची वेळ आली, तेव्हा त्यांनी शाळा मागे ठेवली व तुरुंगवास पत्करला. शाळा हे काही क्षुल्लक व्यवधान नव्हते. ते त्यांच्या जिव्हाळ्याचे काम होते. वाईट गोष्ट सोडण्यास केवळ संयम पुरतो. चांगली गोष्ट बाजूला ठेवण्यास मात्र विवेक लागतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि १९५० मध्ये नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले, त्यामागे स्वामीजींचीच प्रेरणा होती. बाजूला ठेवणे म्हणजे टाकून देणे नव्हे, हे यातून दिसते.

व्यवधाने सर्वांची सारखी नसतात

अग्रक्रमाचा विचार करताना सामाजिक वास्तवाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. ज्या घरात पाण्यासाठी घागर घेऊन रांगेत उभे राहावे लागते, तेथील मुलीला ‘मन एकाग्र कर’ हा उपदेश करणे निरर्थक आहे. तिच्या अभ्यासातील खंड हा तिच्या मनाचा दोष नसून घरातील कामाच्या वाटणीचा दोष आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. अशा वेळी वही मिटून मदतीला धावणे हे विचलन नव्हे. तोच त्या दिवसाचा अग्रक्रम असतो. मोबाईलची घंटा, घागरीची रांग आणि संकटाची हाक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली टाळावी, दुसरी घरातील सर्वांनी वाटून घ्यावी आणि तिसरीला प्रतिसाद द्यावा.

समारोप

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक सूत्रे हाती येतात. दिवसाचे सर्वांत महत्त्वाचे एक काम आदल्या रात्रीच वेळ व जागेसह लिहून ठेवावे. त्या वेळात मोबाईल दुसऱ्या खोलीत असावा. काम अपुरे सोडावे लागलेच, तर पुढे कोठून सुरुवात करायची हे एका ओळीत टिपून ठेवावे. महाविद्यालयांनीही अकरावीच्या आरंभी वेळापत्रक आखून द्यावे; परंतु बारावीच्या अखेरीपर्यंत ते आखण्याचे काम क्रमाक्रमाने विद्यार्थ्याच्याच हाती सोपवावे. आठवड्यातील एक दिवस जरी त्याने स्वतः आखला आणि तो कोठे चुकला याची शिक्षकांशी चर्चा केली, तरी ती एका सराव चाचणीइतकीच मोलाची ठरेल.

लातूर पॅटर्नने मराठवाड्यातील ग्रामीण विद्यार्थ्याला गुणवत्तेचा आत्मविश्वास दिला, हे निर्विवाद होय. आता त्या शिस्तीला निवडीची जोड मिळणे आवश्यक आहे. अन्यथा अवधान टिकेल, परंतु ते कोणासाठी आणि कशासाठी टिकविले, हे त्या विद्यार्थ्याला सांगता येणार नाही.