घरचे आजारपण सांभाळणारी मुले



शहापूर, मुरबाड, भिवंडी आणि कल्याण तालुक्यांतील कातकरी वाड्यांवर दिवाळीनंतर गेलात, तर बरीच घरे बंद दिसतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. ती पावसाच्या तोंडावर परततात. मागे राहतात म्हातारी आणि आजारी माणसे, आणि त्यांच्याजवळ एखादी बारा-चौदा वर्षांची मुलगी. पाणी भरणे, पेज शिजवणे, आजीला अंघोळ घालणे, बापाला क्षयाच्या गोळ्या देणे हे सगळे तीच करते. शाळेच्या हजेरीपटावर मात्र तिच्या नावापुढे फक्त ‘गैरहजर’ एवढेच असते.

अशी मुलगी भेटली की आपण एकतर “किती गुणाची पोर!” म्हणतो, नाहीतर तिला वसतिगृहात घालायचा सल्ला देतो. कौतुकाने तिचा भार कमी होत नाही. वसतिगृहात तिचे मन रमत नाही, कारण घरी आजी एकटी असते. म्हणून आम्ही वाडीवर आधी आजारी माणसाची सोय पाहतो. ती लागली की मुलीची वाट बरीच मोकळी होते.

यासाठी मिळू शकणारी मदत अशी :

क्षयरुग्णाला सरकारी दवाखान्यात औषधे मोफत मिळतात आणि उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून दरमहा १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती. गोळ्यांवर लक्ष ठेवायला आशाताईंना सांगता येते.

दीर्घ आजारी किंवा निराधार व्यक्तीसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा.

वडील किंवा आई वारली असेल, अथवा गंभीर आजारी असेल, तर १८ वर्षांखालील मुलासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यातून दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि मूल घरीच राहते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा असतो.

शाळा सुटलेल्या मुलांना १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते.

योजना आहेत, पण आधारमधले नाव, उत्पन्नाचा दाखला किंवा बँक खाते यांपैकी एखादी गोष्ट अडते. वाडीवरून तहसिलात दोन खेपा म्हणजे दोन दिवस, आणि तेवढा वेळ आजारी माणसाजवळ बसायला कोणी नसते. इथे तुमचा उपयोग आहे. डोंबिवली-कल्याणहून महिन्यातला एक दिवस कोणी कागद करायला सोबत आले, कोणी आजीजवळ बसले, तरी पुष्कळ होते.

रूथने नामीला सोडले नाही, हे आपण जाणतो. बवाजानेही तिला सासूपासून वेगळे केले नाही. तिच्यासाठी मुद्दाम कणसे टाकून ठेवायला त्याने आपल्या गड्यांना सांगितले. आपल्यालाही तेवढेच करायचे आहे. आणि त्या मुलीला भेटाल तेव्हा आजीची चौकशी जरूर करा, पण “तू जेवलीस का?” हेही विचारा.