बारव नेमकी कुणाची?

हातातलं काम आटोपलं नसेल तर चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या.

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत गावाबाहेरच्या जुन्या दगडी बारवेचा विषय निघाला. बाभळी आणि कचऱ्यानं ती पार बुजून गेली आहे. श्रमदान करून साफ करूया, असं आम्ही सुचवलं. काही जणी लगेच म्हणाल्या, "आमच्या सासूबाई तिथं साती आसरांना हळदकुंकू वाहायच्या. करूया की." तेवढ्यात मागं बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "तुमच्या सासवा पायऱ्या उतरायच्या. माझी आई वर रिकामी घागर घेऊन उभी राहायची. कुणी वरून पाणी ओतलं तर मिळायचं, नाहीतर तशीच परत."

बैठक गप्प झाली. बारव एकच, पण आठवणी दोन. म्हणून आज याच विषयावर बोलूया.

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. दगडात कोरलेले कोनाडे, त्यातल्या देवता, पाण्याची पूजा, ही झाली आपली संस्कृती. ती घडवण्यात बायांचा हात मोठा आहे. साताऱ्याजवळच्या लिंब गावात बारा मोटेची विहीर आहे. १७१९ ते १७२४ या काळात ती बांधली गेली. तिथल्या शिलालेखात विरूबाई भोसले यांचं नाव आहे. अहिल्याबाई होळकरांनी तर देशभर घाट, विहिरी, बारवा बांधल्या.

पण पाणी कुणी भरायचं, हे समाज ठरवत होता. बारव बांधणाऱ्या पाथरवटाचे हात चालायचे, गाळ काढणाऱ्याचे हात चालायचे, पण त्यातल्याच कित्येकांचा पोहरा चालत नसे. महात्मा फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला, तो याच कारणानं.

मग यात राजकारण कुठं येतं? महाडचं चवदार तळं बघा. सरकारी पैशानं बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेनंही पुढच्या वर्षी तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद झाला, पण पाणी मिळेना. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यावर परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं गेलं. नगरपालिकेनं ठरावही मागं घेतला. कोर्टात दावा चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला. म्हणजे ठराव होण्यापासून निकाल लागेपर्यंत चौदा वर्षं गेली.

ही लढाई पुढं संविधानात उतरली. कलम १५ सांगतं की सार्वजनिक पैशातून राखलेल्या किंवा लोकांसाठी खुल्या केलेल्या विहिरी, तळी, घाट वापरायला धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणालाही अडवता येत नाही. आणि कलम ५१ क मध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणं हे नागरिकांचं कर्तव्य मानलं आहे. हक्क आणि कर्तव्य, दोन्ही त्याच बारवेच्या काठावर येतात.

आता आपण काय करायचं? आपल्या राज्यात पंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. तिथं बारवेचा विषय मांडा. जागा कुणाच्या नावावर आहे ते कागदावर बघा. गावच्या विकास आराखड्यात तिचं काम घालायला सांगा, आणि ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का, हे सही करण्याआधी वाचून घ्या. नुसतं "बोललो होतो" याला किंमत नसते.

बारव संरक्षित स्मारक आहे का, तेही विचारा. असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय दुरुस्ती करता येत नाही. संरक्षित नसली तरी सिमेंट फासू नका, कोरीव दगडांना रंग देऊ नका. गाळात सापडलेला कोरीव दगड घरी नेऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आठवणी गोळा करा. फक्त देवळाजवळच्या गल्लीतल्या नव्हे, प्रत्येक वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. हळदकुंकवाची आठवण लिहा, तशीच रिकाम्या घागरीचीही लिहा. एक लिहून दुसरी गाळली, तर आपण पुन्हा कुणाला तरी वर उभं करू.

आमच्या गटानं ठराव दिला आहे. साफसफाईच्या दिवशी पहिली पायरी त्या आजींनी उतरावी, अशी आम्ही त्यांना विनंती केली. त्या अजून हो म्हणालेल्या नाहीत. "बघू," एवढंच म्हणाल्या. आम्ही त्यांच्यासाठी थांबलो आहोत.

तुमच्या गावच्या बारवेवर कोण उतरायचं आणि कोण वर थांबायचं? आज संध्याकाळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढं जरूर विचारा.