टेफ्लॉनच्या नळीला जिवंत अस्तर

बायपास झालेला पेशंट भेटायला येणाऱ्यांना छातीवरचे टाके दाखवतो. त्याच्या पायावरही अनेकदा टाक्यांची लांबच लांब ओळ असते, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. हृदयाच्या तुंबलेल्या धमनीला वळसा द्यायला सर्जन बहुधा पायातलीच शीर काढून घेतात. पण ज्यांच्या पायातल्या शिरा फुगून वाकड्यातिकड्या झाल्या आहेत किंवा आधीच्या शस्त्रक्रियेत वापरून संपल्या आहेत, त्यांचे काय?

कृत्रिम नळ्या मिळतात. डेक्रॉनच्या, टेफ्लॉनच्या. महाधमनीसारख्या रुंद जागी त्या वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात. व्यास सहा मिलिमीटरच्या खाली गेला, की गणित बिघडते. हृदयाच्या मुख्य धमन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटरच्या. एवढ्या अरुंद प्लॅस्टिकच्या नळीत रक्त साकळते आणि नळी बंद पडते.

खऱ्या धमनीत असे होत नाही, कारण तिला आतून एंडोथेलियमचे अस्तर असते. जाडी एका पेशीची. फरसबंदीसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात. त्याने धमनी सैलावते आणि प्लेटलेट भिंतीला चिकटत नाहीत. हा वायू शरीरात निरोप्याचे काम करतो, या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातल्या मूलपेशी (स्टेम सेल) प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. मूलपेशींपासून हे अस्तर बनवता येईल का, हा प्रश्न मग ओघानेच आला.

सुरुवात यथातथाच होती. 2002 मध्ये शुलामित लेव्हेनबर्ग, रॉबर्ट लँगर आणि सहकाऱ्यांनी मानवी मूलपेशींचे गोळे वाढू दिले, तेव्हा त्यांतल्या जेमतेम दोन टक्के पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराच्या निघाल्या. त्या वेचून उंदरांत सोडल्यावर त्यांच्या बारीक वाहिन्या तयार झाल्या, ही जमेची बाजू. पुढे शिन्या यामानाका यांनी साध्या त्वचेच्या पेशींनाही चार जनुकांच्या जोरावर मूलपेशींसारखे बनवले (उंदरात 2006, माणसात 2007), आणि भ्रूणावर अवलंबून राहण्याची गरज संपली.

पण अस्तराच्या पेशी सगळ्या सारख्या नसतात. शिरेतल्या वेगळ्या, धमनीतल्या वेगळ्या. बायपासला हव्यात धमनीच्या. थॉमसन यांच्याच गटाने 2017 मध्ये त्या बनवण्याची कृती प्रसिद्ध केली. योग्य रसायने योग्य क्रमाने देणे हा तिचा एक भाग, आणि एक रसायन काढून घेणे हा दुसरा. पेशी वाढवण्याच्या द्रवात इन्सुलिन सर्रास घातले जाते; तेच पेशींना धमनीच्या वाटेने जाण्यापासून अडवत होते.

आता या पेशी नळीत बसवायच्या. इथे खरी पंचाईत. नळीचे टेफ्लॉन म्हणजे नॉनस्टिक तव्यावरचेच द्रव्य, काही चिकटू नये म्हणूनच वापरले जाणारे! विस्कॉन्सिनच्या चमूने नळीला आतून आधी डोपामिनचा आणि त्यावर व्हिट्रोनेक्टिन या प्रथिनाचा थर दिला. त्यावर पेशींनी पाय रोवले. मग या नळ्या ऱ्हीसस माकडांच्या मांडीतल्या धमनीत जोडल्या गेल्या.

2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा निकाल मात्र अपेक्षेच्या उलट लागला. परक्या पेशी शरीर झिडकारते, म्हणून काही नळ्यांत अशा पेशी वापरल्या होत्या, ज्यांच्यावरची ओळखचिन्हे जनुकबदल करून पुसली होती. याच सरस ठरतील असा होरा होता. प्रत्यक्षात चांगल्या चालल्या त्या काहीही फेरफार न केलेल्या, परक्या पेशींच्या नळ्या. सहा महिने त्यांतून रक्त वाहत राहिले आणि तोवर माकडांच्या स्वतःच्या पेशी आत येऊन वसल्या होत्या. परक्या पेशींनी मूळ मालक येईपर्यंत घर राखले, एवढे पुरले. ओळख पुसण्याचा खटाटोप जगभर जोरात चाललेला असताना हा निकाल नीट वाचायला हवा. अर्थात ही माकडे होती आणि नळ्या मांडीत होत्या. धडधडत्या हृदयावरच्या धमनीची परीक्षा वेगळी आणि अवघड आहे.

दुसरी वाट ह्युमासाइट कंपनीची. दात्याच्या पेशींकडून नळी विणून घ्यायची आणि मग पेशी धुऊन टाकायच्या. हातापायांच्या धमन्यांना जबर इजा झाल्यावर वापरायला अशा नळीला डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण तिचा व्यास सहा मिलिमीटर आहे. हृदयाचा प्रश्न तिने सुटत नाही.

हे सगळे वाचून कोणी ‘स्टेम सेलने ब्लॉकेज घालवू’ अशा जाहिरातीमागे धावू नये. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या विकारांसारख्या मोजक्या आजारांतले मूलपेशी प्रत्यारोपण सोडले, तर इतर कामासाठी मूलपेशी केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. अशी चाचणी सरकारी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीवर नोंदवावी लागते. कोणी उपचाराचा दर सांगू लागले, तर आधी तो नोंदणी क्रमांक मागा.